सहकाऱ्याविषयी ओढ वाटू लागली तर पुढे जावे का? निर्णयासाठी एक सविस्तर मार्गदर्शक

कामाच्या ठिकाणी कोणाविषयी तरी ओढ निर्माण होणे यात गैर काही नाही, आणि दुर्मीळ तर मुळीच नाही. अमेरिकेतील जोडप्यांच्या एका प्रसिद्ध पाहणीनुसार १९९५ च्या सुमारास जमलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे १९ टक्के जोडपी सहकारी या नात्याने किंवा सहकाऱ्यांमार्फत भेटली होती. ऑनलाइन ओळखींचे प्रमाण झपाट्याने वाढल्यावर २०१७ मध्ये हा आकडा ११ टक्क्यांवर आला, तरीही तो नगण्य म्हणता येत नाही. तेव्हा अशी भावना मनात आली म्हणून स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. मात्र एखाद्या परिचिताला विचारणे आणि सहकाऱ्याला विचारणे यांत एक मोठा फरक आहे. परिचित व्यक्ती नकार देऊन तुमच्यापासून दूर राहू शकते. सहकाऱ्याला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बैठकीत, त्याच टेबलाशी तुमच्यासमोर बसावे लागते, कारण तिचा पगार त्या जागेशी बांधलेला असतो.

म्हणून पुढील सर्व पायऱ्या एकाच प्रश्नाभोवती रचल्या आहेत: समोरच्या व्यक्तीला कोणतीही किंमत न मोजता ‘नाही’ म्हणता येईल का? या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे ‘हो’ असे देता येत नसेल, तर भावना कितीही खरी असली तरी थांबणे योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी: ही ओढ व्यक्तीची आहे की परिस्थितीची, हे तपासा

रोजचा सहवास स्वतःच आकर्षण निर्माण करतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्क यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की एखादी गोष्ट केवळ वारंवार नजरेसमोर आल्यानेही ती अधिक आवडू लागते. त्याआधी १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेस्टिंगर, शाख्टर आणि बॅक यांच्या विद्यार्थी-वसाहतीच्या अभ्यासात असे दिसले होते की मैत्री जुळण्यात दोन घरांच्या दारांमधील अंतराचा वाटा मोठा असतो. शेजारच्या टेबलावरची व्यक्ती हळूहळू खास वाटू लागते, तेव्हा त्यातला काही भाग केवळ त्या शेजाराचा असतो.

तणावाचाही यात हात असतो. डटन आणि ॲरन यांच्या १९७४ च्या प्रयोगात, उंच आणि डळमळत्या झुलत्या पुलावर एका तरुणीने ज्यांची मुलाखत घेतली त्या पुरुषांनी नंतर तिला फोन करण्याचे प्रमाण, भक्कम आणि कमी उंचीच्या पुलावर भेटलेल्या पुरुषांपेक्षा बरेच अधिक होते. भीतीने वाढलेली धडधड आकर्षणाची समजली गेली, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. त्या अर्थावर पुढे वाद झाले, पण ज्यांनी डेडलाइनच्या आदल्या रात्री एकत्र जागून काम केले आहे त्यांना त्यातले तथ्य लगेच पटेल. एकत्र संकट निभावल्यावर वाटणारी जवळीक खोटी नसते, परंतु ते संकट सरल्यावर ती किती उरते हे पाहिल्याशिवाय तिच्यावर निर्णय उभा करू नये.

यासाठी काही साध्या तपासण्या करता येतात. प्रोजेक्ट संपल्यावर, सुट्टीवरून परतल्यावर किंवा काही आठवडे वेगळ्या कामात गेल्यावर ती भावना तशीच आहे का, ते पाहा. या व्यक्तीविषयी कामाच्या संदर्भाबाहेरचे तुम्हाला नेमके काय माहीत आहे, ते कागदावर लिहून काढा. तिचे रागावणे, तिची मते, तिची नाती, पैशाविषयीची तिची वृत्ती यांतले काहीच लिहिता आले नाही, तर तुम्हाला आवडलेली व्यक्ती बरीचशी तुमच्या कल्पनेतली आहे हे मान्य करावे लागेल. आणखी एक प्रश्न फार उपयोगी पडतो: ही व्यक्ती उद्या नोकरी सोडून गेली, तर मी तिच्याशी आवर्जून संपर्क ठेवीन का, की महिन्याभरात दुसऱ्या कोणाकडे लक्ष जाईल?

मन सतत त्याच व्यक्तीभोवती फिरत राहणे, तिच्या प्रत्येक लहानशा कृतीत संकेत शोधणे, एका मेसेजवर दिवस उजळणे किंवा झाकोळणे, या अवस्थेला डोरोथी टेनॉव्ह या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९७९ मध्ये ‘लिमरन्स’ असे नाव दिले. आशा आणि अनिश्चितता एकत्र असली की ही अवस्था टिकते आणि वाढते, हे त्यांचे निरीक्षण येथे महत्त्वाचे आहे. तुम्ही या अवस्थेत असाल तर आज कोणताही निर्णय घेऊ नका. नुकतेच एखादे नाते तुटले असेल, एकटेपणा दाटला असेल किंवा कामात रस उरला नसेल, तर त्या पोकळीचा वाटा किती, हेही स्वतःला विचारा.

दुसरी पायरी: उघड अडथळे

यावर फार लिहिण्याची गरज नाही. ती व्यक्ती विवाहित असेल किंवा कोणाशी बांधील असेल, तर विषय येथेच संपतो. तुम्ही स्वतः बांधील असाल, तर आधी त्या नात्याचा प्रश्न प्रामाणिकपणे सोडवावा लागेल, आणि तो सोडवण्यासाठी सहकाऱ्याच्या होकाराची वाट पाहणे हा दोघांवरही अन्याय आहे. त्या व्यक्तीने पूर्वी कधी, सरळ किंवा आडून, कामाच्या ठिकाणी कोणाशीही नाते नको असे म्हटले असेल, तर ते तुम्हालाही लागू आहे.

तिसरी पायरी: अधिकाराचे अंतर मोजा

माझ्या मते संपूर्ण निर्णयातील सर्वांत वजनदार पायरी हीच आहे, आणि सर्वाधिक आत्मवंचनाही येथेच होते.

ती व्यक्ती थेट तुमच्या हाताखाली काम करत असेल, तिचे मूल्यमापन, रजा, पगारवाढ किंवा बदली तुमच्या सहीने ठरत असेल, तर विचारू नका. येथे मधला मार्ग नाही. तुमचा हेतू निर्मळ असेल, तुम्ही नकाराचा राग धरणार नाही याची तुम्हाला खात्री असेल, पण समोरच्या व्यक्तीला ती खात्री करून घेण्याचे कोणतेही साधन नसते. तिला तुमच्या विचारण्याबरोबरच स्वतःच्या पुढच्या अप्रेजलचाही विचार करावा लागतो. अशा स्थितीत मिळालेला होकारही कितपत मोकळा होता, हे तुम्हाला कधीच खात्रीने कळणार नाही.

संस्थाही याकडे गांभीर्याने पाहतात. इंटेलचे मुख्य कार्यकारी अधिकारी ब्रायन क्रझॅनिच यांना जून २०१८ मध्ये एका कर्मचाऱ्याशी पूर्वी असलेल्या, परस्परसंमतीच्या संबंधामुळे पद सोडावे लागले. मॅकडोनाल्ड्सच्या संचालक मंडळाने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी स्टीव्ह ईस्टरब्रूक यांना, तर नेस्लेने सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच पदावरील लॉरां फ्रेक्स यांना कर्मचाऱ्याशी असलेल्या नात्यातून झालेल्या नियमभंगासाठी दूर केले. संमती होती एवढ्याने ही पदे वाचली नाहीत. वरच्या माणसाकडे अधिक अधिकार असतो, म्हणून जबाबदारीही त्याच्याकडेच अधिक जाते.

थेट वरिष्ठ-कनिष्ठ नाते दिसायला सोपे असते. न दिसणारे अधिकार ओळखणे अवघड जाते. तुम्ही त्या व्यक्तीला काम शिकवत असाल, तिच्या प्रोबेशनविषयी कोणी तुमचे मत विचारणार असेल, शिफ्टची आखणी किंवा कामाची वाटणी तुमच्या हातात असेल, तुम्ही कायम असून ती कंत्राटी किंवा प्रशिक्षणार्थी असेल, तुमची वरिष्ठांशी जवळीक असून ती संस्थेत नवी असेल, तर पदनाम सारखे असूनही तुमचे पारडे जड आहे. हे तपासण्यासाठी एक यादी करा: या व्यक्तीचे माझ्यावाचून काय काय अडते? तिला माझी सही, शिफारस, माहिती, मदत किंवा चांगले मत कुठे कुठे लागते? ही यादी जवळजवळ रिकामी असेल तरच पुढे जावे.

बाजू उलटी असेल, म्हणजे तुम्ही कनिष्ठ आणि ती व्यक्ती वरिष्ठ असेल, तर तुमच्याकडून दबाव येण्याचा धोका कमी असतो, पण प्रश्न संपत नाही. तुम्ही विचारल्याने वरिष्ठ व्यक्ती अडचणीत येते, कारण होकार दिल्यास तिची नोकरी धोक्यात येऊ शकते आणि नकार दिल्यावर तुमच्याविषयीचा तिचा प्रत्येक निर्णय संशयाने पाहिला जाऊ शकतो. नाते जुळलेच, तर तुमच्या पदोन्नतीचे श्रेय तुमच्या कामाला मिळेल का, याचाही विचार करा. बदली किंवा टीम बदलणे शक्य असेल तर ते आधी घडू द्या. मात्र समोरच्या व्यक्तीची बदली घडवून आणण्याचा प्रयत्न करू नका, कारण तोही अधिकाराचाच वापर आहे.

चौथी पायरी: नियम वाचा

संस्थेची नियमावली स्वतः, शांतपणे आणि पूर्ण वाचा. एचआर विभागात जाऊन अमुक व्यक्तीविषयी विचारणे या टप्प्यावर टाळावे, कारण जिला अजून काही माहीतच नाही अशा व्यक्तीचे नाव त्यात विनाकारण येते. काही ठिकाणी केवळ वरिष्ठ-कनिष्ठ नात्याला मनाई असते, काही ठिकाणी नाते सुरू झाल्यास कळवणे बंधनकारक असते, काही ठिकाणी लेखी नियमच नसतो. सर्वच मनाई कायद्यात टिकते असेही नाही. वॉलमार्टने जर्मनीत कर्मचाऱ्यांच्या प्रेमसंबंधांवर घातलेली बंधने तेथील ड्युसेलडॉर्फच्या कामगार न्यायालयाने २००५ मध्ये अमान्य केली होती. पण हा निर्णय एका देशातील आहे. स्वतःची नोकरी डावावर लावून आपल्या संस्थेचा नियम तपासून पाहण्यात शहाणपण नाही.

गूगल आणि फेसबुक या कंपन्यांचा नियम २०१८ मध्ये चर्चेत आला होता आणि तो मला फार नेमका वाटतो: सहकाऱ्याला एकदाच विचारता येते, आणि फेसबुकच्या स्पष्टीकरणानुसार ‘मी कामात आहे’ किंवा ‘त्या दिवशी जमणार नाही’ अशी मोघम उत्तरेही नकारच समजली जातात. तुमच्या संस्थेत असा नियम नसला तरी तो स्वतःला लावून घ्यावा.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेला १९० क्रमांकाचा करार आणखी दोन गोष्टी स्पष्ट करतो. कामाच्या जागेतील छळाची त्यातील व्याख्या केवळ हेतू पाहत नाही, परिणामही पाहते, आणि एकदाच घडलेले वर्तनही तिच्यात येऊ शकते. शिवाय कामानिमित्तचे प्रवास, प्रशिक्षणे, समारंभ आणि फोन-संगणकावरील संवाद हे सारे कामाच्या जगाचाच भाग मानले आहेत. ‘आपण तर ऑफिसबाहेर होतो’ हा बचाव म्हणूनच तकलादू आहे.

पाचवी पायरी: संकेत वाचताना सौजन्य वजा करा

कामाच्या ठिकाणी हसून बोलणे, वेळेवर उत्तर देणे, चौकशी करणे, कौतुक करणे ही कामाचीच अंगे आहेत. मैत्रीपूर्ण वागण्यातून प्रेमाचा अर्थ काढण्याकडे माणसांचा कल असतो, आणि पुरुषांमध्ये तो अधिक आढळतो. अँटोनिया ॲबी यांच्या १९८२ च्या अभ्यासात स्त्री आणि पुरुष यांच्यातील तेच संभाषण पाहणाऱ्या पुरुषांना त्या स्त्रीच्या वागण्यात, पाहणाऱ्या स्त्रियांपेक्षा अधिक लैंगिक रस दिसला होता. तेव्हा आपला अंदाज चुकण्याची दिशा कोणती, हे आधीच ओळखून असावे.

ती व्यक्ती इतरांशी जसे वागते तसेच तुमच्याशी वागत असेल, तर ते सौजन्य समजून बाजूला ठेवा. कामासाठी करावेच लागते तेही वजा करा. उरते काय, ते पाहा. कामाचे निमित्त नसताना ती स्वतःहून बोलणे सुरू करते का? तुम्ही पूर्वी सांगितलेले लक्षात ठेवून पुढे विचारते का? वैयक्तिक गोष्टी स्वतः सांगते आणि तुमच्याही जाणून घेते का? दोघांनीच भेटण्याचे प्रसंग टाळत नाही, इतकेच पुरेसे नाही, ते तिच्याकडूनही घडतात का? याउलट, तुम्ही विषय वळवल्यावर ती कामाकडे परत येत असेल, त्रोटक उत्तरे देत असेल, तुम्ही दोघेच असण्याचा प्रसंग आला की तिसऱ्या कोणाला सोबत घेत असेल, तर उत्तर मिळालेले आहे आणि वेगळे विचारण्याची गरज नाही. तिच्या मनातले काढून आणण्यासाठी तिसऱ्या सहकाऱ्याला मात्र कधीही पाठवू नका. त्याने बातमी पसरते आणि त्या व्यक्तीला नकार देण्याआधीच चर्चेला तोंड द्यावे लागते.

सहावी पायरी: तीन शक्यता मनात जगून पाहा

पहिली शक्यता नकाराची. उद्या तिने नकार दिला आणि महिन्याभराने दुसऱ्याच सहकाऱ्याशी तिचे जुळले, तर तुम्ही दोघांशीही पूर्वीसारखे काम करू शकाल का? दुसरी शक्यता नाते जुळण्याची. तेव्हा तुमच्यापैकी एकाला टीम बदलावी लागली, तर ती कोणी बदलायची, आणि तुमची तयारी आहे का? तिसरी शक्यता जुळून तुटण्याची, जिचा विचार बहुतेक जण करतच नाहीत. तुटल्यावर त्याच मजल्यावर, त्याच ओळखीच्या माणसांत रोज वावरणे तुम्हाला पेलेल का? लहान संस्थेत किंवा जेथे सर्व जण एकमेकांना ओळखतात अशा व्यवसायात हा प्रश्न नोकरी बदलूनही सुटत नाही. यांपैकी पहिल्या शक्यतेचे उत्तर नकारार्थी येत असेल, तर विचारण्याची तुमची तयारी झालेली नाही.

सातवी पायरी: थांबायचे ठरले तर

बहुतेक वेळा योग्य निर्णय हाच असतो. थांबायचे ठरल्यावर ‘निदान मन मोकळे करून टाकू’ असा मोह होतो, तो टाळावा. काही अपेक्षा नाही असे म्हणून सांगितलेली भावनाही समोरच्या व्यक्तीवर ओझे टाकते. तुमचे मन हलके होते आणि तिला मात्र यापुढे तुमच्याशी प्रत्येक वेळी जपून वागावे लागते. बोलायचेच असेल तर कामाच्या वर्तुळाबाहेरच्या विश्वासू माणसाशी बोला. अनावश्यक मेसेज, रेंगाळणारी संभाषणे, सोशल मीडियावर तिच्याकडे डोकावणे हळूहळू कमी करा. मात्र हे करताना कोरडे किंवा फटकून वागू नका, कारण तिला कारण माहीत नसते आणि आपले काही चुकले का, या विचारात ती पडते.

आठवी पायरी: विचारायचे ठरले तर

सर्व पायऱ्यांवरून उत्तर होकारार्थी आले असेल, तर एकदाच, स्पष्ट आणि थोडक्यात विचारा. वेळ आणि जागा अशी निवडा की तिला सहज निघून जाता येईल. कामानिमित्तचा प्रवास, बंद केबिन, रात्रीची वेळ, तिची महत्त्वाची बैठक किंवा मूल्यमापनाचे दिवस टाळा. इतरांसमोर विचारणे, भेटवस्तू देणे, लांबलचक पत्र लिहिणे या गोष्टी नकार अवघड करतात, म्हणून त्या नकोत. कामाची ईमेल किंवा चॅट वापरू नका. तिचा वैयक्तिक क्रमांक तुम्हाला कामापुरता मिळाला असेल, तर तोही यासाठी वापरणे योग्य नाही. आठवडा संपताना, कामाची वेळ झाल्यावर, जेथे लोकांची ये-जा आहे अशा जागी दोन मिनिटे बोलणे मला सर्वांत योग्य वाटते, कारण त्यानंतर दोघांनाही सुट्टीचे दिवस मिळतात.

शब्द साधे असावेत. उदाहरणार्थ: “तुमच्याशी बोलायला मला मनापासून आवडते. सहकारी म्हणून नाही, तर वैयक्तिक ओळख वाढवावी म्हणून आपण एकदा ऑफिसबाहेर भेटावे असे वाटते. तुम्हाला नको असेल तर नुसते ‘नको’ म्हटलेत तरी पुरे, कारण सांगायची गरज नाही, आणि आपल्या कामात त्याने काही बदलणार नाही.” एकमेकांना एकेरी हाक मारत असाल तर बोलणेही तसेच ठेवा. हेतू स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. कामाची चर्चा करू या असे म्हणून बोलावणे आणि तेथे विषय काढणे म्हणजे तिची संमती न घेता तिला त्या प्रसंगात बसवणे. उत्तर लगेच मागू नका.

नववी पायरी: उत्तरानंतर

नकार मिळाला तर “ठीक आहे, स्पष्ट सांगितलेत, आभारी आहे” एवढे म्हणून विषय संपवा. कारण विचारू नका, पुन्हा विचारू नका, आणि मोघम उत्तर किंवा मौन हाही नकारच समजा. यापुढे हा विषय निघायचा असेल तर तो फक्त तिच्याकडून निघावा. खरी परीक्षा पुढच्या काही आठवड्यांत असते. तिला बैठकीचे आमंत्रण पूर्वीप्रमाणेच गेले पाहिजे, तिच्या कामाला पूर्वीइतकेच श्रेय मिळाले पाहिजे, तिच्या प्रश्नांना तितक्याच तत्परतेने उत्तर गेले पाहिजे. ‘कामात काही बदलणार नाही’ हे तुम्ही दिलेले वचन येथे पाळायचे असते.

होकार मिळाला तर घाईने जाहीर करू नका, आणि नियमाने कळवणे बंधनकारक असेल तेथे लपवूही नका. नाते टिकणारे आहे असे दोघांनाही वाटू लागल्यावर, अफवा पसरण्याआधी, दोघांनी मिळून कळवणे चांगले. जेथे एकाच्या निर्णयाचा दुसऱ्याला लाभ किंवा तोटा होऊ शकतो, त्या निर्णयातून लेखी बाजूला व्हा. भरती, बिले, मूल्यमापन, पुरस्कार या सर्वांना हे लागू आहे. एकाला कामामुळे कळलेली गोपनीय माहिती दुसऱ्याला घरीही सांगायची नसते. कामाच्या जागी जवळीक दाखवू नका, भांडण घेऊन बैठकीत बसू नका, आणि प्रत्येक चर्चेत एकमेकांचीच बाजू उचलून धरू नका, कारण इतर सहकाऱ्यांना तुमच्याशी स्वतंत्रपणे मतभेद मांडता आले पाहिजेत.

नाते चांगले चालू असतानाच, ते तुटल्यास काय करायचे हेही ठरवून ठेवा: बदलीसाठी अर्ज कोण करणार, सहकाऱ्यांना किती सांगायचे, एकमेकांचे खासगी मेसेज आणि छायाचित्रे कोणालाही दाखवायची नाहीत. आणि पुढेमागे तुमच्यापैकी एकाची दुसऱ्याच्या वरच्या पदावर निवड झाली, तर ते पद स्वीकारण्यापूर्वीच संस्थेला सांगून कामाची रचना बदलून घ्या.